घरी स्टिल लाइफ फोटो काढताय? या चुका टाळा, आणि आधी ती ट्यूबलाइट बंद करा

तांब्या, दोन-चार झेंडूची फुलं, चहाचा कप, एवढं टेबलावर मांडून फोटो काढायचा म्हटलं की लोक आधी विचारतात कॅमेरा घेऊ का, लेन्स कुठली, रिंग लाइट मागवू का. अहो थांबा जरा. असे फोटो बहुतेक वेळा कॅमेऱ्यामुळे नाही तर उजेडामुळे बिघडतात, आणि तो उजेड खिडकीतून फुकटच येतोय, आपणच त्यात भेसळ करतो.

भेसळ म्हणजे कशी, तर खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड असतो साधारण 5500 केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग मोजायचं माप, आकडा लहान तर उजेड पिवळा, मोठा तर निळसर), डोक्यावरची पांढरी एलईडी ट्यूब 6500 ची आणि कोपऱ्यातल्या लॅम्पमध्ये पिवळा 2700 चा बल्ब. आपल्या डोळ्यांना हे सगळं चालून जातं, कॅमेऱ्याला नाही, तो एका वेळी एकाच उजेडाचा हिशोब धरतो. मग मोगऱ्याची एक बाजू निळसर, दुसरी पिवळट, आणि एडिटिंगमध्ये एक बाजू सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. यावर उपाय एकच, घरातले सगळे दिवे बंद. अंधार वाटला तरी बंद. फोटोत आडवे काळपट पट्टे येत असतील तर तोही बहुतेक स्वस्तातल्या एलईडीचा प्रताप, आपली वीज 50 हर्ट्झची त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, रात्री दिव्यातच काढायचा असेल तर एकाच प्रकारचा दिवा ठेवा आणि शटर, म्हणजे कॅमेरा उजेड किती वेळ आत घेतो ते, 1/50 किंवा 1/100 सेकंदावर. आणि हो, भिंत पिस्ता रंगाची असेल नाहीतर पडदा गुलाबी असेल तर तो रंगही फुलांवर येतो, हे पटकन लक्षातच येत नाही.

खिडकीजवळ ठेवलं तरी फोटो सपाट का येतो?

कारण तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभे आहात. उजेड समोरून पडला की सावली वस्तूच्या मागे लपते आणि गोल कांदासुद्धा चपटा दिसतो. टेबल असं फिरवा की खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला येईल, थोडी मागच्या बाजूला असली तर अजून छान, पाकळ्यांतून उजेड आरपार येतो. सावलीची बाजू फारच काळी पडली तर तिथे थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरं कार्डशीट उभं करा, आणि उलट फोटोत दमच नसेल तर तिथेच काळं कार्डशीट लावा, ही काळ्याची युक्ती फार कमी लोक करतात. उन्हाची तिरीप थेट पडून ग्रिलच्या सावल्या येत असतील तर खिडकीला जुनं पांढरं धोतर किंवा बटर पेपर. उत्तरेची खिडकी सगळ्यात चांगली असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते बरोबरच आहे, फक्त मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून उत्तरेकडे सरकलेला असतो त्यामुळे त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावतं.

तांब्यात मीच दिसतेय!

स्टील, पितळ, काच घेतली की ही तक्रार येणारच. चकचकीत भांड्याचं एक लक्षात ठेवायचं, त्याचा स्वतःचा रंग फार थोडा दिसतो, बाकी दिसतं ते समोर जे असेल त्याचं प्रतिबिंब. तांब्याच्या पोटाकडे नीट बघा, खिडकीचे गज, वाळत घातलेले कपडे, फोन धरलेला तुमचा हात, सगळं बारीक होऊन तिथे बसलेलं असतं. म्हणजे भांड्यावर उजेड टाकत बसण्यापेक्षा भांड्याला काय दिसतंय ते बदला. खिडकी आणि भांड्याच्या मध्ये पांढरा पातळ कपडा आला की गजांच्या जागी एक मऊ पांढरा पट्टा दिसतो, गडद टीशर्ट घाला, दोन पावलं मागे जाऊन 2x झूमवर काढा, म्हणजे तुम्ही इतके लहान दिसता की कुणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टनने 1930 मध्ये ढोबळी मिरचीचा जो प्रसिद्ध फोटो काढला त्यात मिरची चक्क पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती, पत्र्यावरून फिरून येणारा उजेड मिरचीच्या वळणावळणावर पडला. नरसाळं आपल्याकडेही असतं, करून बघा. आणि कृपा करून पितळ चिंचेने घासून लख्ख करू नका, थोडं काळवंडलेलं पितळ फोटोत कितीतरी देखणं दिसतं.

झेंडूचा नुसता केशरी गोळा

झेंडू, जास्वंद, लाल गुलाब यांचा लाल रंग कॅमेऱ्यात सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे त्याचा सपाट डाग होतो, बाकी फोटो नीट असला तरी पाकळ्यांमधल्या रेषा गायब. फोनवर फुलावर बोट टेकवा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) उणे 0.7 पासून सुरू करा, आणि व्हिव्हिड फिल्टर असेल तर काढून टाका, झेंडूला रंगाची काय कमी आहे? मोगऱ्याची गंमत वेगळी. कॅमेरा सगळं मध्यम करड्यावर आणायला बघतो, म्हणून काळ्या कापडावरचा मोगरा जळून पांढरा डाग होतो, तिथे एक्स्पोजर कमी करायचं, आणि पांढऱ्यावर पांढरा मोगरा मळकट येतो, तिथे वाढवायचं.

जास्वंद सकाळीच काढून घ्या, बहुतेक जातींचं फूल दिवसभरात मिटतं. मोगऱ्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात आणि हाताळल्या की पाकळ्या तपकिरी पडतात, त्यामुळे आधी बाकीची मांडणी, फोकस, सगळं एखाद्या लिंबावर जमवून घ्या आणि फूल शेवटी ठेवा. दवाचे थेंब हवे असतील तर पाण्यात निम्मं ग्लिसरीन घालून स्प्रे करा, थेंब बराच वेळ टिकतात. दोन-चार पुरे, आंघोळ नको.

फोकस, हलणं, वाकडं दिसणं

पंखा बंद! खिडकीच्या उजेडात शटर हळू चालतं आणि पाकळी हलतेच. ट्रायपॉड नसेल तर पुस्तकांच्या चळतीवर फोन टेकवा आणि टायमर लावा. कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100 आणि लेन्सचं छिद्र एफ/8 च्या आसपास, एफचा आकडा लहान तर छिद्र मोठं, एफ/1.8 वर एकच पाकळी शार्प येते आणि एफ/22 वर डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे, सगळंच थोडं मऊ पडतं. फोन अगदी जवळ नेला की कितीतरी फोन आपोआप वाइड लेन्सवर उडी मारतात, फुलदाणीचं पोट सुटतं, वर फोनची सावली पडते ती वेगळीच, तर मागे व्हा आणि झूम करा. पोर्ट्रेट मोड इथे नकोच, देठ आणि कपाचा कान खाऊन टाकतो.

मांडणीबद्दल नियम पुष्कळ सांगतात, तीन वस्तू घ्या, पाच घ्या, मला त्यात फार राम वाटत नाही. मात्र सगळं एका ओळीत उभं करू नका, वस्तू एकमेकींमागे थोड्या लपू द्या, पण कडेला कड नुसती चिकटलेली नको, एकतर नीट झाका नाहीतर मध्ये फट ठेवा. टेबलाची कड बरोबर फुलाच्या मधून जात असेल तर कॅमेरा वर-खाली करा. मागचं कापड इस्त्री करून घ्या, घडीची रेघ नंतर पुसत बसणं फार कटकटीचं. आणि पितळ, झेंडू, पणती, लाल कापड असं सगळं एकदम आलं की फोटो सरळ दिवाळीच्या शुभेच्छांचं कार्ड होतो. यातलं एक काहीतरी काढून टाका आणि त्याच्या जागी कात्री, सुतळीचं रीळ, सोललेला लसूण असलं काहीतरी ठेवा, लगेच फरक दिसेल.

प्रिंट काळपट येते ही तक्रारही बऱ्याच जणांची असते, तिथे प्रिंटवाल्याला बोल लावण्याआधी एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस किती होता ते बघा. फुल ब्राइटनेसवर कुठलाही फोटो उजळच दिसतो आणि आपण तो गरजेपेक्षा गडद करून ठेवतो. ब्राइटनेस निम्म्यावर ठेवून एडिट करा आणि मोठी प्रिंट टाकायच्या आधी 4 बाय 6 ची एक छोटी काढून बघा.