मुंबईच्या दमट हवेत फोर बाय फाइव्ह: कॅमेरा, शीट फिल्म आणि प्रिंट कसं सांभाळायचं

लार्ज फॉरमॅट, म्हणजे रोलऐवजी एकेका मोठ्या शीट फिल्मवर (फोर बाय फाइव्ह म्हणजे ४ बाय ५ इंच) फोटो काढणं, सुरू करायचंय म्हटलं की सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात, कॅमेरा कुठला घेऊ. मुंबईत राहत असाल तर माझं उत्तर ठरलेलं आहे, आधी ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) घ्या मग बाकीचं बघू. इथे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कपाटात ठेवलेल्या लेन्सला एका पावसाळ्यात बुरशी धरते, आणि काचेवरचं कोटिंग एकदा खाल्लं गेलं की साफ करूनही डाग राहतो. कॅबिनेट ४५ टक्के आर्द्रतेच्या आसपास ठेवा. त्याहून फार कोरडं नको, बेलोजचं, म्हणजे कॅमेऱ्याच्या घडीच्या भात्याचं, चामडं आणि लाकूड कडक होतं. बजेट नसेल तर किचनमधला रबराची रिंग असलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर एवढ्यावरही मस्त चालतं. फक्त जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये ११०-१२० डिग्रीला तापवून परत कोरडं करायचं, ते विसरलात तर डबा असून नसल्यासारखा. आणि लेन्स तिच्या चामड्याच्या जुन्या केसमध्ये कधीच ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं आणि बुरशीला खायलाही तेच मिळतं.

आता कॅमेरा. फोर बाय फाइव्हनेच सुरुवात करा, एट बाय टेनचा मोह टाळा, फिल्म चौपट लागते आणि लोकलमधून नेणं अशक्य. फोर्टात बोरा बाजारला जुने कॅमेरे आणि रिपेअरवाले आहेत, चोर बाजारात मटण स्ट्रीटला सागवानी पितळी स्टुडिओ कॅमेरे दिसतात, दिसायला इतके देखणे की हात शिवशिवतात. पण ते बरेचदा हाफ प्लेट किंवा फुल प्लेट अशा जुन्या मापांचे असतात आणि त्यांचे होल्डर (फिल्म धरणाऱ्या चपट्या चौकटी) त्या त्या कॅमेऱ्यापुरतेच बनवलेले, दुसऱ्याचा बसत नाही. होल्डर सोबत मिळत असतील तरच घ्या, नाहीतर तो शोपीस होऊन बसेल.

बेलोज तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. पूर्ण ताणा, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च घाला आणि बाहेरून घड्यांचे कोपरे बघा, भोकं जवळजवळ नेहमी कोपऱ्यातच पडतात. एखाददुसरं असेल तर काळा अ‍ॅक्रिलिक रंग फेविकॉलमध्ये मिसळून आतून पातळ हात द्या आणि दोन दिवस बेलोज ताणलेलाच ठेवा, आपल्या हवेत रंग नीट न सुकता मिटलात तर घड्या एकमेकींना चिकटतात.

लेन्स १५० एमएम घ्या, फोर बाय फाइव्हची ती नॉर्मल, म्हणजे ना वाइड ना टेली. कोपल झीरो या मापाच्या शटरमधली श्नायडर, रोडेनस्टॉक, निक्कोर, फुजिनॉन, यातली कुठलीही चालेल, नावावर वाद घालत बसू नका, कंडिशन बघा. शटर एक सेकंदावर लावून कानाजवळ धरा, आवाज अडखळत आला तर सर्व्हिसिंगचा खर्च धरून भाव करा. मग दोन्ही बाजूंनी टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. जुन्या श्नायडरमध्ये काचेच्या कडेला बारीक पांढरे ठिपके दिसतात, ती बुरशी नाही, आतला काळा रंग सुटलेला असतो, फोटोवर फरक पडत नाही आणि त्या नावाखाली भाव मात्र उतरवता येतो.

आता फिल्म, आणि इथे खरी काळजी लागते.

सीलबंद बॉक्स फ्रिजमध्ये, वर झिपलॉक पिशवी. बाहेर काढल्यावर दोनतीन तास तसाच राहू द्या, फ्रीझरमधला असेल तर रात्रभर, खोलीच्या तापमानाला आला की मगच सील तोडा. लगेच उघडलात तर थंड फिल्मवर पाणी जमतं आणि त्या डागांना उपाय नाही. पण मुंबईत एक गोष्ट आणखी आहे. उघडलेला अर्धा बॉक्स पावसाळ्यात पुन्हा पिशवीत घालून फ्रिजमध्ये टाकला की त्या पिशवीत बंद झालेली हवासुद्धा ओलीच असते, गार झाली की तिच्यातलं पाणी फिल्मवरच बसणार. म्हणून खोलीत तासभर एसी ड्राय मोडवर चालवा, तिथेच अंधारात शीट भरा, तिथेच बॉक्स बंद करा आणि मग फ्रिज. एसी नसेल तर उघडा बॉक्स फ्रिजमध्ये न घालता ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवा आणि लवकर संपवा. भरलेले होल्डरही कॅबिनेटमध्येच.

होल्डर भरताना शीट उभी धरायची, कडेच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या म्हणजे इमल्शन (प्रकाश टिपणारा थर) तुमच्याकडे. डार्क स्लाइडची (होल्डरच्या सरकत्या झाकणाची) पांढरी बाजू बाहेर म्हणजे न वापरलेली, फोटो काढल्यावर काळी बाजू बाहेर. पांढऱ्या बाजूला कडेवर बारीक उंचवटे असतात, अंधारात त्यावरूनच ओळखायचं. घाम हा मोठा शत्रू, बिनपावडरचे नायट्रिल ग्लोव्हज घाला. पंखा पंधरा मिनिटं आधी बंद करा म्हणजे धूळ खाली बसते. एक बरं आहे, दमट हवेत स्टॅटिक कमी होतं त्यामुळे धूळ फिल्मला ओढली जात नाही, कोरड्या हवेच्या गावातल्या लोकांना हा त्रास आपल्यापेक्षा जास्त.

एसीतून बाहेर आलात की लगेच फोटो काढू नका. फिल्म बाहेरची ओल शोषून फुगते आणि होल्डरमध्ये हलते, लांब एक्सपोजर असेल तर तेवढ्यात हलून फोटो दुहेरी येतो. होल्डर बाहेर जरा वेळ राहू द्या, खालची कड तळहातावर हलकेच आपटा म्हणजे शीट एका बाजूला बसते, आणि मगच कॅमेऱ्यात सरकवा. जवळचं काही काढताना बेलोजचा हिशोबही करा, १५० ची लेन्स ३०० एमएम ताणली की दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट प्रकाश द्यावा लागतो.

शिकायला महागडी फिल्म जाळू नका. एक्सरेची हिरवी, म्हणजे हिरवा प्रकाश टिपणारी, फिल्म सर्जिकल सप्लायवाल्यांकडे मिळते, एट बाय टेनचे चार तुकडे करा. फोर बाय फाइव्हची शीट प्रत्यक्षात दोन्हीकडून साधारण दोन मिमी लहान असते, तेवढं छाटा नाहीतर होल्डरमध्ये जात नाही. ही फिल्म लाल प्रकाश बघत नाही, म्हणजे लाल दिव्यात डोळ्यांनी बघत डेव्हलप करता येते, शिकणाऱ्याला याहून चांगली सोय नाही. त्याच कारणाने बेस्टची लाल बस आणि गुलमोहोराची फुलं प्रिंटमध्ये काळीकुट्ट येतात, आकाश पांढरं. सुरुवात आयएसओ ८० धरून करा. इमल्शन दोन्ही बाजूंना असतं आणि पटकन खरवडतं, म्हणून ट्रेच्या तळाला एक गुळगुळीत काच घाला.

डेव्हलपिंगला सगळी पुस्तकं २० डिग्री सांगतात, आपल्या नळाला मे महिन्यात ३० च्या वर पाणी येतं. २० च्या मागे लागू नका, २४ धरा, ते घरी जमतं. टबात पाणी घ्या, फ्रीझरमधल्या गोठवलेल्या बाटल्या सोडा, त्यात डेव्हलपर (चित्र उमटवणारं), स्टॉप (ते थांबवणारं), फिक्सर (चित्र कायम करणारं) आणि धुण्याचं पाणी सगळं एकत्र उभं करा. सगळ्यांचं तापमान एकमेकांच्या एकदोन डिग्रीत हवं, गार डेव्हलपरमधून एकदम गरम पाण्यात गेली की जिलेटिन आक्रसून जाळी पडते. २० ला १० मिनिटं लागत असतील तर २४ ला साधारण ७. पाच मिनिटांच्या खाली वेळ आली तर डेव्हलपमेंट सारखी होत नाही, अशा वेळी डी-७६ हा डेव्हलपर पाण्याने एकास एक पातळ करून वेळ वाढवा. ट्रेमध्ये शीट खालीवर करत बसण्यापेक्षा पॅटरसनच्या मोठ्या टँकमध्ये मॉड ५४ हा शीट धरणारा सांगाडा लावा, एका लिटरमध्ये सहा शीट होतात आणि मऊ झालेल्या जिलेटिनवर नखं लागत नाहीत.

तरीही इमल्शन मऊ पडतंय वाटलं तर तुरटीचा फिक्सर करा. हा कोडॅकचा जुना एफ-५. ५० डिग्रीच्या ६०० मिली पाण्यात हायपो (सोडियम थायोसल्फेट) २४० ग्रॅम, सोडियम सल्फाइट १५ ग्रॅम, २८ टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४८ मिली, बोरिक अ‍ॅसिड साडेसात ग्रॅम आणि शेवटी पोटॅश तुरटी १५ ग्रॅम, मग गार पाण्याने एक लिटर पूर्ण. हाच क्रम पाळा, एक पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरं टाकू नका, नाहीतर दुधासारखा गढूळ होतो. केमिकलं प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतात. खिडकी उघडी ठेवा, वास उग्र असतो. याचा तोटा एकच, धुवायला जास्त पाणी लागतं, वाहत्या पाण्यात अर्धा तास तरी. तुमच्या बिल्डिंगला पाणी तासभरच येत असेल तर साधा रॅपिड फिक्सर वापरा आणि इलफोर्डची पद्धत धरा: टँक भरून ५ वेळा उलटा, पाणी बदला, १० वेळा, बदला, २० वेळा, झालं. शेवटचं पाणी डिस्टिल्ड, बॅटरीवाल्याकडे मिळतं, त्यात वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग टाळणाऱ्या द्रवाचे) दोनचार थेंब.

निगेटिव्ह पूर्ण सुकल्याशिवाय पाकिटात घालू नका, पावसाळ्यात एक रात्र कमीच पडते. पाकिटं पॉलिप्रॉपिलीनची घ्या, पीव्हीसी नको आणि ते चकचकीत बटर पेपरसारखं तर अजिबात नको, ओल लागली की इमल्शनला चिकटतं. लोखंडी कपाटात मधल्या खणात ठेवा, बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीला लागून नको, माळ्यावर तर नकोच. डांबराच्या गोळ्या टाकू नका.

प्रिंटसाठी एन्लार्जर (निगेटिव्ह मोठी करून छापणारं यंत्र) घेऊ नका, निदान पहिल्यांदा. फोर बाय फाइव्हचा एन्लार्जर माणसाच्या उंचीचा असतो आणि वन बीएचकेमध्ये तो ठेवायला पलंग काढावा लागेल. कॉन्टॅक्ट प्रिंट करा: मल्टिग्रेड पेपर, वर निगेटिव्ह, इमल्शन इमल्शनला, वर जाड काच, डोक्यावर साधा छोटा बल्ब. हातात धरून बघायच्या त्या छोट्या प्रिंटमध्ये गिरगावातल्या चाळीच्या कठड्याची एकेक नक्षी आणि वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटेसुद्धा मोजता येतात, एन्लार्जमेंटमध्ये ही धार येत नाही असं माझं ठाम मत आहे. टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळा वेळ प्रकाश दिलेली चाचणीची पट्टी) मात्र प्रत्येक निगेटिव्हची काढा. सुरुवात आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) पेपरवर, दोन मिनिटांत धुऊन होतो. फायबर पेपर सुंदर आहे पण तासभर पाणी मागतो, आणि पावसाळ्यात सुकताना लाटा येतात. डासांच्या जाळीची फ्रेम करून त्यावर प्रिंट पालथी ठेवा, सुकली की दोन कोऱ्या जाड कागदांमध्ये घालून वर जड पुस्तकांचा ढीग, आठवडाभर हात लावू नका.