घरी ब्रेक पॅड बदलताय? या चुका टाळा

सिंहगडाचा उतार किंवा कात्रज घाट रोजचा असेल, तर बाइकच्या पुढच्या डिस्कचे पॅड लवकर संपतात. लायनिंग, म्हणजे पॅडवरचा झिजणारा थर, 1 मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचेच. पुण्याच्या नाना पेठेतून जोडी आणली, बोल्ट खोलले, बसवली, असं हे काम अर्ध्या तासाचं. बिघडतं ते बहुतेक वेळा पॅडला डिस्कवर दाबणाऱ्या पिस्टनपाशी.

पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर सरकत येतो. नवे जाड पॅड मावावेत म्हणून तो आत ढकलावा लागतो आणि इथेच लोक स्क्रू ड्रायव्हर घालून रेटतात. बाहेर आलेल्या कडेवर पॅडची काळी भुकटी आणि पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला असतो. तो तसाच आत गेला की सील खराब होतं, पिस्टन अडकतो, पॅड डिस्कला घासत राहतो. गाडी ढकलताना जड लागते, डिस्क भयंकर तापते. म्हणून आधी जुना टूथब्रश ब्रेक ऑइलमध्ये बुडवून पिस्टनची कडा स्वच्छ घासा आणि पुसा. पेट्रोल किंवा डिझेल अजिबात नको, सीलचं रबर फुगतं. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ दाबा.

दाबताना हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. मध्ये कुणी टॉपअप केलं असेल तर उतू जाऊन टाकीवर सांडतं आणि रंग उचलतो. डबीखाली फडकं गुंडाळा. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. नवं ऑइल घालायचं असेल तर ग्रेड डॉट 3 की डॉट 4, ते झाकणावर वाचूनच.

पॅड काढलेले असताना ब्रेक दाबायचा नाही, पिस्टन बाहेर येईल. कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड ज्यात बसतात तो भाग, पाइपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. पॅड ज्या पिनवर बसतात ती गंजली असेल तर पॉलिश पेपरने साफ करा, नाहीतर पॅड तिरके झिजतात. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. साधं ग्रीस तिथल्या रबरी बुटांना चालत नाही.

सगळ्यात घातक चूक शेवटी होते: बोल्ट आवळले की लगेच गाडी रस्त्यावर. पिस्टन अजून आतच असतो, त्यामुळे पहिले काही वेळा लिव्हर थेट हँडलला टेकतो आणि ब्रेक लागतच नाही. गाडी स्टँडवर असतानाच लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. वीस-पंचवीसदा दाबूनही स्पंजासारखा लागला तर लाइनमध्ये हवा आहे. ब्लीडिंग केल्याशिवाय, म्हणजे ती हवा काढल्याशिवाय, गाडी हलवू नका.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाहीत. रिकाम्या रस्त्यावर 40 च्या वेगावरून 10 पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा-पंधरा वेळा ब्रेक लावा. पहिले 200-300 किलोमीटर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा, घाटात तर नक्कीच.

एवढं करूनही पकड नसेल, तर वॉशिंग सेंटरला धुतल्यावर गाडीवर डिझेल फवारलं होतं का, आठवून बघा. डिस्क तर ब्रेक क्लीनरने पुसता येते, पण तेल प्यायलेले पॅड घासून सुधारत नाहीत. ते फेकून नवी जोडी घ्या.