औषध शेतातून नदीत: मॉडेल चालवताना या चुका टाळा

गोव्यातल्या चोडण बेटावरचे खाजन (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल भातजमीन) पहिल्यांदा स्वॅटमध्ये, म्हणजे पाणी आणि त्यातली रसायने कुठे जातात हे काढणाऱ्या संगणकी मॉडेलात घातले, तेव्हा प्रत्येक सरीगणिक कीटकनाशक थेट मांडवीत पोहोचत होते. चूक माझीच. भाताच्या मळ्याला मी डोंगरउताराचा कर्व्ह नंबर (पावसातले किती पाणी वरून वाहून जाईल ते ठरवणारा आकडा) देऊन बसलो होतो. मळ्यात पाणी मेरेच्या तोंडापर्यंत साठते, त्याआधी वरून काहीच वाहत नाही. वाहिले तरी पुढे मानस, म्हणजे बांधातले दारांचे तोंड, आहे. भरतीच्या दाबाने तिची दारे मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात, दिवसातून दोनदा. म्हणून दैनिक सरासरी प्रवाह इथे कुचकामी. गणनेचा टप्पा तासाचा घ्या, मळा पातेल्यासारखा मांडा आणि मानस एकाच बाजूला उघडणारी झडप समजा. (फळ्या कुजल्या असतील तर मॉडेलातली झडपही गळकी ठेवा.) दार उघडताच बाहेर पडणारा औषधाचा लोंढा सरासरीत दिसतच नाही, आणि मासळीची जाळी लागते ती नेमकी तिथेच.

काजूच्या बागायतीतले ग्लायफोसेट हे तणनाशक वेगळे फसवते. पाण्यात सहज विरघळते, म्हणून ते पाण्याबरोबर जाईल असे वाटते. प्रत्यक्षात मातीला घट्ट चिकटते आणि धुपलेल्या मातीबरोबरच जाते. बहुतेक मॉडेल हे चिकटणे मातीतल्या सेंद्रिय कर्बावरून काढतात. ग्लायफोसेट मात्र मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांना धरते, आणि जांभ्यात त्यांना तोटा नाही. तेव्हा केओसीच्या (सेंद्रिय कर्बावर बेतलेल्या चिकटण्याच्या आकड्याच्या) नादी न लागता त्याच मातीवर मोजलेला केडी, म्हणजे मातीला चिकटलेले आणि पाण्यात उरलेले यांचे प्रमाण, थेट भरा. मातीची धूप बंद ठेवून मॉडेल चालवलेत, तर उत्तर जवळजवळ शून्य येईल. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या ओढ्यांना पावसात येणारे तांबडे पाणी मग कोणत्या खात्यात टाकणार?

औषधाच्या अर्धायुष्याचे (ते निम्मे व्हायला लागणाऱ्या दिवसांचे) आकडे बहुधा २० अंशांना मोजलेले असतात. क्यू-१० (तापमान १० अंशांनी वाढल्यावर विघटन किती पट वेगाने होते तो आकडा) २.५८ धरला तर ५० दिवसांचे ३० अंशांना साधारण १९ होतात. मॉडेल ही दुरुस्ती स्वतःच करत असेल, तर हाताने पुन्हा करू नका.

इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल या द्रवरूप कीटकनाशकाच्या लिटरमध्ये १७८ नव्हे, सुमारे २०० ग्रॅम सक्रिय घटक असतो, कारण टक्केवारी वजनाची आहे. लिटरभर औषधालाच किलोभर सक्रिय घटक समजून भरलेत तर उत्तर पाचपट.

फवारणीची तारीखही ठोकून देऊ नका. कोसळत्या पावसात कोणी पंप पाठीला लावत नाही; शेतकरी उघडीप पाहतो. मॉडेललाही तोच नियम घाला: त्या दिवशी पाऊस असेल तर फवारणी पुढच्या कोरड्या दिवसावर.