चावीचा सेल सारखा का उतरत होता

ऐरोलीच्या आमच्या रो-हाउसमध्ये गाडी हॉलच्या भिंतीला लागूनच उभी राहते, आणि चावी त्याच भिंतीवरच्या खुंटीला. चांगला सीआर २०३२ (नाण्यासारखा चपटा सेल) टाकला तरी काही महिन्यांत डॅशबोर्डवर ‘की बॅटरी लो’ हजर! चावीत दोष नव्हताच. कीलेस गाडी, म्हणजे चावी नुसती खिशात असली तरी उघडणारी, कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडून चावी शोधते. तो पोचला की चावी जागी होऊन उत्तर देते. इतक्या जवळ तिला उसंत कुठली?

आता चावी मागच्या खोलीतल्या कपाटात असते, मोबाइल-लॅपटॉपपासूनही लांब. सेल छान टिकतोय.

आणि हो, काढलेल्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावा, पोरांच्या हाती अजिबात लागू देऊ नका. गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते.