१०५० टीआयच्या जागी टी१०००: माझा अनुभव

पणजीतल्या एका आर्किटेक्टच्या पीसीत २०१६ चं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं; तिथे २०२१ चं एनव्हीडिया टी१०००, म्हणजे व्यावसायिक कामासाठीचं कार्ड, बसवलं. वीज ७५ वॉटवरून ५० वर, मेमरी बँडविड्थ (कार्डाच्या मेमरीतून डेटा जाण्याचा वेग) ११२ वरून १६० जीबी प्रति सेकंद. चिप मात्र जीटीएक्स १६५० मधलीच, टीयू११७. जास्तीचे पैसे जातात ते सर्टिफाइड ड्रायव्हरला, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेल्या, कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला. निव्वळ टूडी ड्रॉइंगसाठी हा खर्च करू नका, तिथे गाडी प्रोसेसरवरच अडते.

कार्ड बसवलं आणि स्क्रीन काळी. टी१००० ला चार मिनी डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय एकही नाही. मॉनिटर जुना, व्हीजीएवाला. त्याला अ‍ॅक्टिव्ह अडॅप्टरच लागतो, म्हणजे डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारा. तो लावल्यावर चित्र आलं, पण रिझोल्यूशन चुकीचं. कारण जुना जीफोर्स ड्रायव्हर. नेट केबल काढा, नाहीतर विंडोज मध्येच आपला ड्रायव्हर घुसडतं. सेफ मोडमध्ये डीडीयू (जुना ड्रायव्हर मुळासकट काढणारा प्रोग्रॅम, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) चालवा, मग आधीच उतरवून ठेवलेला प्रोफेशनल ड्रायव्हर टाका.

आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या कार्डाचे सोनेरी संपर्क, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत जाणाऱ्या पट्ट्या, काळवंडतात. ते कार्ड दुसऱ्या पीसीत लावायचं असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुकू द्या. खोडरबर नको, मुलामा जातो.