दिवे घाट, एकादशी आणि शुगरची गोळी : पुणे ते सासवड चालताना या चुका टाळा

ज्ञानोबा माऊलींची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडला निघते तो दिवस ज्येष्ठ वद्य एकादशीचा, योगिनी एकादशीचा. जवळपास तीस किलोमीटरची मजल, शेवटी दिवे घाटाची चढण, आणि त्यावर उपास. पंढरपूरपर्यंत जाणं जमत नाही म्हणून एवढा एकच दिवस चालणारे पुण्यात पुष्कळ आहेत. त्यांत माझ्यासारखेही बरेच : शुगर आहे, बीपी आहे, गुडघे दुखतात, वय साठीला टेकलंय.

मृग लागला की पाऊस येणारच, या भरवशावर आपण पिशवीत रेनकोट भरतो. २०२३ मध्ये पालखी १४ जूनला घाट चढली तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत पोहोचला तोच मुळी २५ जूनला. त्या दिवशी वडकीला मी बसले ती उठूच शकेना. ऊन हे त्याचं निम्मं कारण. उरलेलं निम्मं मी पहाटे साडेपाचला स्वयंपाकघरात करून आले होते.

उपास धरला, गोळी मात्र रोजचीच घेतली

सवयीने सकाळची ग्लिमेपिराइड घेतली. पोटात गेलं काय, तर एक केळं आणि बिनसाखरेचा चहा. हडपसरपर्यंत टाळ-मृदंगाच्या नादात काही जाणवलं नाही. उरुळी देवाची मागे पडली तसा अंगाला घाम सुटला, तोही थंड, चिकट. पाण्याची बाटली कुणी धरायची यावरून मी नणंदेवर खेकसले. ती थांबून म्हणाली, "वहिनी, तुम्ही असं कधी बोलत नाही. हात बघा तुमचे." बोटं थरथरत होती. शेजारी सावलीला बसलेल्या परभणीकडच्या एका आजींनी पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "माउली, आधी हे तोंडात टाक, मग बोल." नंतर मशीनवर शुगर पाहिली : ५८.

हे घडतं कसं, ते समजून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या आणि इन्सुलिन तुम्ही जेवलात की नाही हे पाहत नाहीत. शुगर खाली आणायचं काम करतच राहतात. त्यात चालणारे स्नायूही साखर ओढून घेतात. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचा धोका वेगळा. त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात आणि तिच्यासोबत पाणीही जातं. उपास आणि कमी पाणी एकत्र आलं, तर शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर "पित्त झालंय" म्हणून पुढे चालू नका.

म्हणून वारीच्या दोन आठवडे आधी सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि सरळ विचारा : या दिवशी मी तीस किलोमीटर चालणार आहे, खाणं एवढंच असणार आहे, कोणती गोळी घेऊ, कोणती कमी करू, कोणती नको? मनाने गोळी बंद करणं ही दुसऱ्या टोकाची चूक.

बीपी किंवा हृदयासाठी अॅटेनोलॉल, मेटोप्रोलोल चालू असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शुगर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथर या गोळ्यांमुळे दबली जाते. घाम मात्र येतो, पण तो उन्हाचा समजून आपण दुर्लक्ष करतो. शंका आली की थांबा आणि मशीन काढा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. वाटेवर चिक्की मुबलक मिळते, पण या वेळी ती कामाची नाही. दाण्यांतल्या तेलामुळे साखर सावकाश चढते.

उपास मोडवत नसेल तर तो उपाशी राहून करू नका. साबुदाण्याच्या खिचडीची थाळीभर न्याहारी शुगर झपकन वर नेते आणि मग पोट रिकामं. त्यापेक्षा थोडी भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, ताक असं दर दोन तासांनी थोडं थोडं खा.

गुडघ्यासाठी आधीच पेनकिलर

ही चूक मला सगळ्यांत जास्त भीतीदायक वाटते, कारण ती कुणाला चूक वाटतच नाही. "घाटात त्रास नको" म्हणून सकाळीच डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतात. तोच माणूस बीपीसाठी टेल्मिसार्टन घेत असतो, तीही बहुतेक वेळा लघवी वाढवणाऱ्या गोळीच्या जोडीतली. तुमच्या पट्टीवर पुढे 'एच' लिहिलं असेल तर त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड असण्याची शक्यता मोठी आहे. आता उन्हाने अंगातलं पाणी कमी झालेलं, लघवीच्या गोळीने आणखी कमी, टेल्मिसार्टनने मूत्रपिंडातला दाब उतरलेला आणि पेनकिलरने तिथे येणारा रक्तपुरवठा आवळलेला. या तिहेरी माऱ्यात चांगल्या मूत्रपिंडालाही इजा होते. गुडघ्याला पट्टा बांधा, हातात काठी घ्या, घाटात वारकऱ्यांसारखी आखूड पावलं टाका. गोळी लागलीच तर पॅरासिटामॉलचं डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

पाण्याच्या दोन उलट चुका

पहिली बहुतेक बायकांची. स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने सकाळपासून दोन घोटांवर निभावतो. मग उन्हाळी लागते, डोकं ठणकतं, चढणीवर डोळ्यांपुढे अंधारी येते. आता निर्मल वारीची फिरती शौचालयं वाटेवर असतात. रांग असते, पण असतात. दिसलं की जाऊन घ्या, पुढच्यावर ढकलू नका. वय वाढलं की तहानही उशिरा लागते, म्हणून तहानेची वाट न बघता दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं पाणी घ्या. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

दुसरी चूक म्हणजे घाम गाळत नुसतं पाणीच ढोसत राहणं. त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं, आणि त्याचीही डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण अशी उन्हासारखीच लक्षणं दिसतात. मधूनमधून मिठाचं ताक किंवा ओआरएस घ्या. ओआरएस म्हणजे औषधाच्या दुकानातली पुडी, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवलेली. खोक्यातली गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शुगर, बीपी असलेल्यांनी आपलं प्रमाण आधी विचारून घ्यावं. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे दिवसाचं पाणी मोजून दिलेलं असेल, त्यांना तर ही चाल डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय नकोच.

सराव चालण्याचा केला, उन्हाचा नाही

पहाटे बागेत रोज पाच किलोमीटर चालणारी माणसं घाटात कोसळलेली मी पाहिली आहेत. त्यांचे पाय तयार होते, शरीर उन्हाला तयार नव्हतं. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातून मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. वारीच्या आधी दोन आठवडे सकाळी नऊच्या उन्हात वीस मिनिटांपासून सुरुवात करा आणि रोज थोडं वाढवा. मध्ये चार-पाच दिवस ताप किंवा जुलाब झाले तर त्या वर्षी घाटाचा बेत सोडा. इन्सुलिन असेल तर ते पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या डब्यात, मध्यभागी.

"घाटात बघू" म्हणणं

घाटात काही बघता येत नाही. त्या दिवशी दिवे घाट वाहनांना बंद असतो, वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवतात. एकदा गर्दीत शिरलात की मागे फिरणं अवघड, बसायला सावली जवळजवळ नाही आणि रुग्णवाहिकेलाही माणसांच्या भिंतीतून यावं लागतं. त्यामुळे घाट चढायचा की नाही हे ठरवायची जागा वडकी नाला. तिथे पालखीचा विसावा असतो, तुम्हीही टेकता. त्या वेळी स्वतःला विचारा : शुगर किती? गेल्या तीन तासांत लघवी झाली का? छातीवर दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप आहे का? एकही उत्तर खटकलं तर थांबायचं. छातीचं असेल तर लगेच १०८ ला फोन.

मी २०२४ मध्ये वडकीपर्यंतच चालले. रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या, पालखी घाटाला लागली, तेवढं डोळे भरून पाहिलं आणि मागे फिरले. नणंद पुढे गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

खिशात कांदा, हातात क्रोसिन

खिशातला कांदा उष्माघात थांबवत नाही. तो ताकाबरोबर खा. आणि उष्माघाताच्या तापावर तापाची गोळी चालत नाही, कारण तो ताप जंतूंचा नसतो. शरीराची थंड राहायची यंत्रणाच कोलमडलेली असते. चालणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघातच समजा. १०८ ला कुणाला तरी फोन करायला लावा आणि स्वतः लगेच कामाला लागा : सावली, कपडे सैल, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, उपरण्याने, पुठ्ठ्याने, मिळेल त्याने वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका, तो श्वासनलिकेत जाईल. वारीत ओतायला पाणी आणि वारा घालायला हात कमी पडत नाहीत. फक्त कुणीतरी "माउली, इकडे या" अशी हाक द्यावी लागते.

पाय

अनवाणी चालण्याचा नेम शुगर असलेल्यांनी करू नये. डांबर दुपारी पोळतं, आणि तळव्यांची जाणीव कमी झालेली असेल तर पोळलेलं कळतही नाही. नवे बूट नकोत. महिनाभर वापरलेले, बोटांपुढे जागा असलेले हवेत. मोज्यांच्या दोन जोड्या पिशवीत, आणि प्रत्येक विसाव्याला मोजे काढून तळवे पाहायचे. स्वतःला वाकता येत नसेल तर सोबतीणीला दाखवायचे, त्यात लाज कसली?

२०२५ मध्ये पाऊस लवकर आला होता. गोळ्या डॉक्टरांनी आधीच बदलून दिल्या होत्या, मी दर दोन तासांनी खात होते, आणि त्या वर्षी घाट चढून सासवडला पोहोचले. सोपानकाकांच्या देवळाजवळ एका ओट्यावर बसून भिजलेले मोजे काढले. नणंदेने मोबाईलचा उजेड धरला. डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता, फुटून लाल झालेला. मला दिवसभर काहीच दुखलं नव्हतं.