मुलांना विज्ञान दाखवताय? या चुका टाळा

प्रयोग फसला की आपलं ठरलेलं वाक्य असतं, "एरवी होतो हो, आजच काय झालं कुणास ठाऊक." सांगली-तासगाव भागातल्या शाळांत प्रयोगांची पेटी घेऊन फिरताना मीही ते पुष्कळदा म्हटलंय. पण फसलेला प्रयोग परवडला. प्रयोग झकास होतो आणि मागचं कारण आपण चुकीचं सांगतो, ते जास्त महागात पडतं.

मेणबत्तीचंच घ्या. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पालथा पेला. ज्योत विझते, पाणी पेल्यात चढतं. आपण फळ्यावर लिहितो: हवेत 21 टक्के ऑक्सिजन, तो जळून गेला, तेवढी जागा पाण्याने घेतली. मी वर्षानुवर्षं हेच सांगत होतो. एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, मग ज्योत जळत असताना पाणी हळूहळू का चढत नाही? विझल्यावरच एकदम का?"

"पुढच्या वर्गात शिकशील," असं म्हणून मी वेळ मारून नेली. ही चूक तर मुळीच करू नका. "मलाही माहीत नाही, बघू या," म्हटल्याने सरांची पत जात नाही.

घरी येऊन एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढलं. पेला टेकताना कडेने निघणारे बुडबुडेही तेव्हाच पहिल्यांदा नीट दिसले. ज्योतीने हवा तापून फुगते, थोडी बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन सगळा संपतही नाही; साधारण 16 टक्के शिल्लक असतानाच मेणबत्ती मान टाकते. तेव्हा प्रयोग वर्गात नेण्याआधी त्यातली एखादी गोष्ट बदलून घरी करून बघा. आपलं कारण तरीही टिकतंय का, ते तिथेच कळतं.

सोडा लागला की पिवळी हळद लाल होते, तो हळदीचा प्रयोग सांगलीत चुकवून कसं चालेल? पण हळद नुसत्या पाण्यात कालवली की रंग खाली बसतो, कागद डागाळल्यासारखा दिसतो. हळद स्पिरिटमध्ये घोळवा, त्यात टीपकागदाच्या पट्ट्या बुडवून वाळवा. (स्पिरिट आणि मेणबत्ती एका टेबलावर नकोत, हे सांगायला नकोच.) "सर, लाल होईना" अशी तक्रार आली, तर आधी पुडी बघा. बहुतेक वेळा कुणीतरी धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा आणलेला असतो. तो फार सौम्य, पट्टी जेमतेम नारिंगी होते. धुण्याचा सोडा किंवा पानाचा चुना लावा, लालभडक होते. वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी. 'दर्शक' (रंग बदलून ओळख पटवणारी हळद) आणि 'आम्लारी' (सोडा, चुना) हे शब्द त्यानंतर.

राहिला शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर माथ्यावर येऊन उभ्या पाइपची सावली क्षणभर नाहीशी होते तो दिवस. सांगलीत तो 7-8 मेला, साताऱ्यात 10-11 मेच्या आसपास येतो. इथली नेहमीची चूक म्हणजे मुलांना बाराच्या ठोक्याला उभं करणं. सावली शिल्लक असते, मुलं हिरमुसून जेवायला पळतात आणि खरा क्षण रिकाम्या मैदानावर येऊन जातो. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेलं, सांगली साधारण 74.5 अंशावर. एका अंशाला 4 मिनिटं धरली तर आपल्याकडे सूर्य जवळपास अर्धा तास उशिरा माथ्यावर येतो. म्हणजे 12:20 ला जमा, 12:35 पर्यंत हलू नका. पाइप उभा करताना गवंड्याचा ओळंबा लावा. नुसत्या नजरेने सरळ वाटणारा पाइप हटकून कललेला निघतो आणि मग सावली काही जात नाही.

मे हुकला तर 5 ऑगस्टच्या सुमारास दुसरी संधी असते. पण तेव्हा सांगलीत सूर्य दिसायची मारामार, आणि माणसंही आभाळाकडे नाही, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली चढणाऱ्या पुराच्या पाण्याकडे बघत असतात.